पडद्यासमोरची बाई

बाळांनो,

तुमच्या आईने परवा फोनवर मोठ्या उत्साहात सांगितलं, की तुमच्या गावाबाहेरचं जुनं ड्राइव्ह-इन थिएटर पुन्हा सुरू झालं आहे, तिने तिकिटं काढून ठेवली आहेत आणि मी आले की आपण सगळे गाडीत बसून सिनेमा बघणार आहोत. मग तुम्ही दोघांनी तिच्या हातून फोन ओढून घेतलात आणि विचारलंत, "आजी, सौदीतसुद्धा असं थिएटर होतं ना? आणि एक वेडी बाई पडद्यासमोर उभी राहिली होती ना? सगळ्यांनी हॉर्न वाजवले होते ना?"

होतं. उभी राहिली होती. वाजवले होते. ती वेडी बाई मी.

तुमच्या आईला हे ठाऊक नाही, आणि ते माझ्यामुळेच. आता ती ही गोष्ट तुम्हाला परीकथेसारखी सांगायला लागली आहे, तेव्हा मला लिहिणं भाग आहे. क्रमाने लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माणसाने खुर्ची शोधून काढली त्याला हजारो वर्षं झाली. तिच्यावर पाठ टेकून, मान सरळ ठेवून समोर बघता येतं. ते सोडून पत्र्याच्या डब्यात गुडघे पोटाशी घ्यायचे, काचेवरच्या मेलेल्या किड्यांमधून आणि पुढच्या गाडीच्या टपावरून सिनेमा बघायचा, आणि वर तीस वर्षांनी त्याच्या आठवणीने उसासे टाकायचे, यात शहाणपण काय आहे ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तुमचे आजोबा तेव्हा सौदीच्या पूर्वेकडच्या भागात एका बांधकाम कंपनीत स्टोअर्स ऑफिसर होते. आम्ही दम्मामला एका तीन मजली इमारतीत राहत होतो. वरखाली सगळी कंपनीचीच भारतीय कुटुंबं. मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. तुमची आई पाच वर्षांची होती आणि तिला दमा होता. हा शब्द ती आता वापरत नाही. "लहानपणी थोडी अॅलर्जी होती," म्हणते. थोडी नव्हती. धूळ उडाली, उदबत्ती लावली, शेजारी मिरच्या तळल्या, की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागे. पंप मी पर्समध्ये ठेवत असे, दुसरा स्वयंपाकघरात, आणि प्रत्येकातून किती वेळा औषध उडालं याची नोंद फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आमच्या रस्त्यांवरून रणगाड्यांचे ट्रेलर जाऊ लागले. कंपनीला सैन्यासाठी तात्पुरत्या बराकी उभारायचं मोठं काम मिळालं. ज्यांना शक्य होतं ते बायकामुलांना घरी पाठवत होते. शाळेत माझ्या वर्गातले बाक एकेक करून रिकामे होत होते. आम्हाला मात्र शक्य नव्हतं, कारण आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तिकडची रीतच ती. तुमच्याजवळ इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. पासपोर्ट कफीलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही त्या देशात आहात त्याच्याकडे. देश सोडायचा तर त्याने पत्र द्यायचं, मग पासपोर्टवर बाहेर पडायचा शिक्का. तुमच्या आईचं नाव माझ्याच पासपोर्टमध्ये होतं, त्यामुळे एका पासपोर्टने आम्ही दोघी सुटणार होतो. तो एक पासपोर्ट मिळेना. बराकी ताब्यात देईपर्यंत कुणाच्याही घरच्यांना सोडायचं नाही, असं कंपनीच्या मॅनेजरने ठरवलं होतं. बायकोमुलं इथे असली की माणूस पळून जात नाही, हा त्याचा हिशोब.

हा मॅनेजर अमेरिकन. उंच, लालबुंद, बोलायला गोड. त्याची बायको त्याहून गोड. तिचं बालपण कुठल्याशा अमेरिकन उपनगरात गेलेलं, आणि त्या उपनगरात एक ड्राइव्ह-इन. लोक युद्धाला घाबरले आहेत, त्यांचं मन रमवलं पाहिजे, असं तिच्या मनात आलं. मन रमवायला तिला दुसरं काही सुचलं नाही. त्या देशात तेव्हा सिनेमाची थिएटरंच नव्हती. लोक घरी व्हिडिओ बघत. पण साहेब लोकांच्या वसाहतीच्या भिंतीआत काय चालतं ते बाहेर कुणी विचारत नसे. तिने वसाहतीच्या मागच्या पार्किंगमधल्या गोदामाची भिंत पांढरी रंगवून घेतली, कुठून तरी प्रोजेक्टर आणि जुन्या सिनेमांची रिळं मिळवली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी, अंधार पडला की, सर्व कर्मचाऱ्यांनी सहकुटुंब यावं असं पत्रक काढलं. "यावं" असं लिहिलं होतं. शुक्रवारची सुट्टी संपली की सुपरवायझर कोण आलं नव्हतं ते टिपून घेई.

पत्रकात नियम होते. गाड्या ग्रेडप्रमाणे लावायच्या. म्हणजे पहिल्या रांगेत मॅनेजर आणि गोरे इंजिनियर, मग लेबनीज, मग इजिप्शियन, आणि शेवटच्या, चौथ्या रांगेत आम्ही. आमच्या रांगेला लागून डिझेलचा जनरेटर. त्यामुळे सिनेमातलं बोलणं आम्हाला ऐकू येत नसे आणि धूर मात्र पहिल्यांदा आम्हाला मिळे. सिनेमा चालू असताना फाटकाला साखळी आणि कुलूप, कारण मध्येच कुणी गाडी काढली तर दिव्यांमुळे चित्र फिकं पडतं. किल्ली मॅनेजरच्या खिशात. रीळ बदलताना दहा मिनिटं दिवे लागत, तेवढ्यात काय ते उठायचं.

पहिल्या गुरुवारी आमच्या खालच्या मजल्यावरची भाभी चटई घेऊन आली होती. ती रत्नागिरीकडची, तिचा नवरा कंपनीत फोरमन. गाडी लागल्याबरोबर तिने पुढच्या चाकाशी चटई पसरली, डबा उघडला आणि माझ्या काचेवर टकटक केली.

"टीचर, डब्यात बसून कुठं पिच्चर बघतात? चला, खाली या. खजूर आणलाय, कतीफचा."

मी गेले. तुमची आई चटईवर पालथी पडली, हनुवटी हातांवर. वारा आमच्याकडून जनरेटरकडे होता. दहा मिनिटं मला खरंच बरं वाटलं. मग मॅनेजरची बायको कागदी पिशव्यांतून पॉपकॉर्न वाटत आमच्यापर्यंत आली, आणि हसत, मान हलवत, आम्ही दोघी जणू इयत्ता पहिलीत असल्यासारखी बोलली, "नाही, नाही, नाही. गाडीत! ड्राइव्ह-इनमध्ये गाडीत बसायचं असतं. तीच तर गंमत आहे."

"काय म्हणते ही?" भाभीने विचारलं.

"म्हणते, गंमत गाडीत आहे."

"मग तिला सांगा, गाडीला दाखव पिच्चर. आम्ही इथं बसतो."

मी हे भाषांतर करायच्या आत तुमचे आजोबा गाडीतून उतरले होते आणि चटई गुंडाळत होते. "उठा, उठा," ते मला म्हणाले, "शनिवारी साहेब विचारतील कोण खाली बसलं होतं."

तुमच्या आजोबांबद्दल एक सांगते. माणूस हुशार होता, स्टोअरमधला एकेक खिळा त्यांना पाठ होता. पण साहेबाशी थेट बोलायची वेळ आली की त्यांच्या जिभेला कुलूप लागे. सप्टेंबरपासून मी त्यांच्या मागे लागले होते, पासपोर्ट मागा. ते म्हणत, "अगं, मागायचं म्हणजे पद्धत असते. अर्ज करावा लागतो. प्रॉपर चॅनेलने जावं लागतं." प्रॉपर चॅनेल म्हणजे तुमच्या आजोबांनी अर्ज सेक्शन हेडच्या ट्रेमध्ये ठेवायचा, त्याने शेरा मारून अॅडमिनला पाठवायचा, आणि अॅडमिनने मॅनेजरसमोर ठेवायचा. अर्ज मी लिहिला. चार ओळींचा, स्वच्छ. त्यांनी माझ्या पहिल्या ओळीच्या आधी आपल्या हाताने "आय बेग टू स्टेट" घातलं. मी खोडलं. त्यांनी टाइप करताना पुन्हा घातलं. तीन महिन्यांत तीन अर्ज गेले. तिन्हींच्या कार्बन प्रती माझ्या फाइलमध्ये अजून आहेत, आणि तिन्हींमध्ये आम्ही भीक मागतो आहोत.

उत्तर एकच येई, तेही तोंडी: योग्य वेळी बघू.

डिसेंबरात कंपनीने विषारी वायूपासून बचावाचे मास्क वाटले. तेही ग्रेडप्रमाणे. आमच्या बायकामुलांचे "वाटेवर आहेत" असं सांगितलं. मास्क नाही तर काय करायचं, त्याचंही पत्रक आलं: एक खोली निवडा, खिडक्यांना चिकटपट्टी लावा, दाराखाली ओला टॉवेल दाबा, भोंगा वाजला की आत बसा. मी झोपण्याची खोली निवडली, पट्ट्या मोजून कापल्या, आणि एका शुक्रवारी दुपारी तालीम म्हणून तुमच्या आईला घेऊन आत बसले. पंचवीस मिनिटांत तिच्या ओठांचा रंग बदलायला लागला. मी टॉवेल लाथेने उडवला आणि दार उघडलं. त्या दिवशी मला कळलं, की भोंगा वाजला तर मला दोनच गोष्टी करता येतील: तिला बाहेरच्या हवेत ठेवायचं किंवा आतल्या.

हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी फाइलमधून तिसऱ्या अर्जाची प्रत काढली. मग म्हणाले, "चौथा अर्ज करू. यावेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडू."

आणि गुरुवार आला की तोच माणूस गाडी धुऊन आम्हाला सिनेमाला घेऊन जाई. जाऊ नका म्हटलं तर म्हणे, "अगं, अर्ज वर गेलाय. आत्ता गैरहजर राहून कसं चालेल?"

आता जानेवारीतला तो पहिला गुरुवार. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत जवळ आली होती. थंडी होती आणि वारा फिरला होता. पुढच्या तीनही रांगांतल्या लोकांनी हीटरसाठी इंजिनं चालू ठेवली होती. सगळ्यांचा धूर आमच्याकडे, त्यात जनरेटर डाव्या हाताला. पडद्यावर कुणीतरी घोड्यावरून कुणाच्या तरी मागे धावत होतं. मी काचा वर केल्या तर आतला धूर आत राहिला, खाली केल्या तर बाहेरचा आला. पाऊण तासाने मागच्या सीटवरून ती शिट्टी ऐकू आली.

मी पंप दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. तिची मान पुढे आली होती आणि खांदे वर-खाली होत होते. बोलताना ती दोन शब्दांनंतर थांबत होती.

"दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं. "किल्ली आणा."

तुमचे आजोबा धावतच गेले. तीन मिनिटांत परत आले. किल्लीशिवाय.

"साहेब काय म्हणाले?"

"साहेबांकडे नाही गेलो. सेक्शन हेडला सांगितलं. ते म्हणाले, पंधरा मिनिटांत रीळ बदलेल, तेव्हा ते स्वतः सांगतील."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाही. म्हटलं, "हिला उचला आणि जनरेटरच्या पलीकडे नेऊन उभे राहा, तिथे धूर नाही." त्यांनी तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून नेलं. भाभी तिच्या गाडीतून उतरून माझ्यामागे यायला लागली. मी शाल डोक्यावरून घेतली आणि गाड्यांच्या मधून पुढे चालत गेले.

मॅनेजरच्या काचेवर मी टकटक केली. त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं, हसली, एक बोट वर केलं आणि पडद्याकडे दाखवलं. थांब, चांगला भाग चालू आहे. पुन्हा टकटक केली. तिने न बघताच हात हलवला, माशी हाकलतात तसा.

मग मी त्यांच्या गाडीसमोरून चालत गेले आणि प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहिले.

डोळ्यांत एवढा उजेड गेला की समोरचं काही दिसेना. पाठीमागे भिंतीवर माझी सावली पडली असणार, दोन मजली, घोड्यांसकट सगळं झाकणारी. क्षणभर कुणाला काय झालं ते समजलं नाही. मग एक हॉर्न वाजला, आणि त्यामागून सगळे. महिनोन्‌महिने पासपोर्टसाठी ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, त्यांचे हॉर्न सिनेमा अडल्याबरोबर वाजायला लागले. आमच्या रांगेतलेसुद्धा.

मॅनेजर उतरून आला. "मॅडम, काय चाललंय? बाजूला व्हा."

"फाटकाची किल्ली द्या. माझ्या मुलीला श्वास लागलाय."

"अरे देवा, मग सांगायचं ना!" त्याने लगेच खिशातून किल्ली काढली. खरोखर लगेच. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्यापर्यंत काही पोचत नसे, आणि पोचू नये अशी सोय त्याने केलेली होती. मी किल्ली मागे भाभीच्या हातात दिली. "भाभी, साखळी काढा. ह्यांना सांगा, गाडी फाटकाशी आणा."

भाभी पळाली. मीही पळायला हवं होतं. पण माझ्या लक्षात आलं, की ऑफिसमध्ये या माणसापुढे ट्रे असतात, सेक्शन हेड असतात, योग्य वेळ असते. इथे काहीच नाही. इथे मी त्याच्या बायकोच्या आवडत्या सिनेमात उभी आहे.

"आणि माझा पासपोर्ट," मी म्हटलं. "चार अर्ज तुमच्याकडे आहेत."

"ते ऑफिसच्या वेळात बोलू."

"मला आत्ता उत्तर हवंय."

"मॅडम, लोक सिनेमा बघताहेत."

"बघू देत. मी त्यांना अडवलेलं नाही."

हॉर्न चालूच होते. तो पुढे आला, माझा दंड धरावा की नाही याचा विचार करत थांबला. तेवढ्यात गाडीची काच खाली झाली आणि त्याची बायको ओरडली, "देवाशपथ, तिचा पासपोर्ट देऊन टाक ना! सगळं चित्र खराब होतंय!"

त्याने मान खाली घातली. "शनिवारी सकाळी आठ वाजता. पत्रासकट."

"मोठ्याने सांगा. तिसऱ्या रांगेत माझ्या नवऱ्याचे सेक्शन हेड आहेत, त्यांना ऐकू जायला हवं."

त्याने मोठ्याने सांगितलं. मी झोतातून बाजूला झाले. हॉर्न थांबले, घोडे पुन्हा दिसायला लागले. त्या बाईला माझ्या मुलीची दया आली असं मला कुणी सांगू नका. तिचं बालपण बिघडत होतं, एवढंच.

फाटकाशी गाडी उभी होती, मागच्या सीटवर तुमची आई. दम्मामच्या दवाखान्यात तिला वाफेच्या मशीनला लावलं आणि तासाभरात तिचे खांदे खाली आले. वाटेत गाडीत तिने दोन-दोन शब्दांत विचारलं होतं, "पिक्चर... का थांबलं?"

"एक बाई मध्ये आली."

"कोण... बाई?"

"असेल कुणी वेडी. बोलू नकोस, श्वास घे."

आरशात तुमच्या आजोबांचे डोळे माझ्याकडे वळले आणि पुन्हा रस्त्यावर गेले.

शनिवारी आठ वाजता पासपोर्ट मिळाला. मंगळवारी शिक्का, बुधवारी विमान. विमानतळावर तुमचे आजोबा म्हणाले, "साहेबांना तसं बोलायला नको होतंस. उद्या मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय." मी त्यांच्यासाठी फ्रिजवर लावून ठेवलेल्या घरातल्या सूचनांच्या यादीची त्यांना आठवण करून दिली आणि आत गेले. पुढच्या आठवड्यात युद्ध सुरू झालं. मॅनेजर आणि त्याची बायको त्याआधीच निघून गेले होते. त्यांचे पासपोर्ट त्यांच्या खिशात असत. तुमचे आजोबा रात्र रात्र त्या चिकटपट्टीच्या खोलीत एकटे बसले, आणि दिवसा स्टोअरमध्ये. उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा बारीक झाले होते. मी विचारलं, आम्ही गेल्यानंतरच्या गुरुवारी सिनेमाला गेला होतात का? म्हणाले, "गेलो होतो. हजेरी होती ना."

तुमच्या आईला यातलं पॉपकॉर्न आठवतं, चटई आठवते, उघड्यावरचा मोठा पडदा आठवतो. "आई, किती मॅजिकल होतं ते," असं ती मला सांगते. मला. वेडी बाई मीच होते हे मी तिला इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण मग तिने विचारलं असतं: किल्ली मिळाल्यावरही तू तिथे का उभी राहिलीस? मी फाटकाशी पोचायच्या आधी गाडी तिथे उभी होती. तिला श्वास घेता येत नव्हता आणि मी पासपोर्टवर बोलत होते. दोन मिनिटं असतील, फार तर तीन. ती मिनिटं मी तेव्हापासून अनेकदा मोजली आहेत आणि प्रत्येक वेळी तशीच वागले असते, असंच उत्तर येतं. पण ते उत्तर पाच वर्षांच्या मुलीला द्यायचं नव्हतं. आता ती माझ्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा.

मी येईन. सिनेमालाही येईन, तिकिटं फुकट जायला नकोत. पण मी चटई आणणार आहे आणि गाडीबाहेर बसणार आहे, आणि कुणी हसत मान हलवत आलंच तर मला इंग्रजी अजून चांगलं येतं. पुढच्या गाडीने इंजिन चालू ठेवलं तर जाऊन बंद करायला सांगा. लाजू नका, आणि मधल्या कुणाला सांगून थांबू नका. आणि निघण्यापूर्वी तुमच्या आईच्या पर्समध्ये पंप आहे का ते स्वतः उघडून बघा. ती म्हणेल, आता लागत नाही. तरी बघा.

तुमची,
आजी